बैलगाडी कुठून जायची?

विंझरच्या टपरीवर मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा प्रश्नच चुकला होता. "वेल्ह्याकडं जायला कच्चा रस्ता कुठला?" बाकड्यावर चौघं बसले होते. चौघांनीही समोरच्या डांबरी रस्त्याकडे हात केला. "ह्यो काय, एक नंबर रस्ता. कच्चा कशाला पायजे?" मी म्हटलं, मला कच्चाच हवाय. मग कुणीच काही बोलेना. एकानं माझं हेल्मेट पाहिलं, सायकल पाहिली, हँडलवर लावलेलं जीपीएसचं डबडं पाहिलं आणि अंदाज केला, "झेडपीकडनं आलाय का? सर्व्हेला?" मी नाही म्हणेपर्यंत दुसऱ्यानं सुरुवातही केली. त्यांच्या वाडीचा रस्ता मंजूर होऊन तीन वर्षं झाली, खडी येऊन पडली, मुरूम टाकला, पुढं काही नाही. तेवढं लिहून घ्या साहेब.

मी खरंच लिहून घेतलं. फाटा कुठला, खडी कुठून कुठपर्यंत, ओढ्यावर मोरी आहे का. त्यानं आपणहून फोन नंबरही दिला आणि माझा घेतला. त्याला वाटलं तक्रार वर गेली. मला माझ्या नकाशात घालायला पावणेतीन किलोमीटर मिळाले होते.

ही नोव्हेंबरातली गोष्ट. राजगड आणि तोरण्याच्या पायथ्यानं, गुंजवणी आणि कानंदीच्या खोऱ्यांतून, जमेल तेवढं डांबर टाळून दोन दिवसांची सायकल-फेरी आखायची, असं मी आणि माझ्या मेव्हण्यानं ठरवलं होतं. माझी सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची, हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगला ४० मिलिमीटरचा. मेव्हण्याकडे जुनी एमटीबी, म्हणजे डोंगरातली माउंटन बाइक, पुढं शॉकअप, वजन बकरीएवढं. "दाजी, एवढे पैसे घालून शेवटी तुम्ही खडीवरच चालवणार ना? मग माझी काय वाईट आहे?" हा त्याचा प्रश्न सायकल घेतल्याच्या दिवसापासून आहे आणि त्याला अजून मला धड उत्तर देता आलेलं नाही.

ग्रॅव्हलचे व्हिडिओ बघून माणूस बिघडतो. इटलीत टस्कनीतले ते पांढऱ्या मातीचे रस्ते, ज्यांवर २००७ पासून मोठी शर्यत होते, किंवा अमेरिकेत कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांतली २००६ पासूनची दोनशे मैलांची शर्यत. तिथं रस्ता कच्चा आहे तो कच्चाच राहणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे कच्चा रस्ता म्हणजे डांबराची वाट बघत बसलेला रस्ता. गावानं त्याच्यासाठी अर्ज केलेले असतात, निवडणुकीत त्याच्यावर भाषणं झालेली असतात. तुम्ही शोधून काढेपर्यंत तो पक्का झालेला असतो, किंवा अर्धा. हा अर्धा प्रकार सगळ्यांत वाईट.

कारण सायकलवाल्याला रस्त्याची कुंडली कळली पाहिजे. आधी मातीकाम होतं. मग सोलिंग, म्हणजे मोठाले दगड शेजारी शेजारी दाबून बसवतात. त्यावर जाड खडी, मग बारीक, वर मुरूम, पाणी मारून रोलर. कागदावर याला खडीकरण म्हणतात, ठेकेदाराच्या तोंडी डब्ल्यूबीएम. त्यानंतर कधीतरी डांबर. यातलं सोलिंग उघडं असेल तर सायकलवरून उतरावं आणि चालावं, त्यात कमीपणा नाही. नुकतं झालेलं खडीकरणही वैतागच, चाक खडीत रुतून बाजूला सरकतं. मजा आहे ती मुरमात. आपला काळा कातळ वर्षानुवर्षं कुजून जो तांबूस-पिवळा भुसभुशीत दगड होतो तो मुरूम, आणि एक-दोन पावसाळे खाऊन, ट्रॅक्टरच्या चाकांनी दबून त्याच्या ज्या दोन पट्ट्या होतात, त्यांच्यासारखी सायकल चालवायला दुसरी जागा नाही. मधे गवताचा पट्टा, दोन्हीकडे चाकोरी. एरवी लोक चाकोरीबाहेर जायचा उपदेश करतात. ग्रॅव्हलवर चाकोरी सोडली की आपटायचं. पण तिसरा पावसाळा आला की हाच मुरूम वाहून जातो आणि खालची खडी दात विचकून वर येते. त्यामुळं कुणी "दोन वर्षांपूर्वी मस्त होता" म्हणालं तर त्या माहितीचा उपयोग शून्य.

वाट आधी गावात विचारून घ्यायची, याचा पहिला धडा त्याआधीच्या मे महिन्यात भाटघरला मिळाला होता. भोरजवळचं हे धरण वेळवंडी नदीवर, १९२७ साली बांधून झालेलं, साडेतेवीस टीएमसीचं. उन्हाळ्यात कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाकडं पाणी जाऊन जाऊन तळं आटतं आणि काठाकाठानं मैलभर रुंद उघडी जमीन सापडते. कांबरे गावाजवळ महादेवाचं जुनं देऊळ आहे, ते वर्षाचे दहा-अकरा महिने पाण्याखाली असतं आणि मे-जूनमध्ये वर येतं. ते बघायचं आणि तळ्याच्या तळातूनच सायकल चालवायची अशी आमची हुशारी. सुरुवात स्वर्गासारखी झाली. भेगाळलेला, कडक, सपाट गाळ. ना खड्डा ना गाडी. मी मेव्हण्याला ओरडून सांगितलं की टस्कनी झक मारते. पुढच्या दोनशे मीटरांत पुढचं चाक वरून वाळलेल्या पण आतून ओल्या गाळात गेलं आणि मी हँडलवरून सरळ पुढं. लागलं काही नाही. पण सायकल उपसून काढायला अर्धा तास, आणि तो गाळ ब्रेकमध्ये, चेनमध्ये, बुटांत जाऊन सिमेंटसारखा बसला. वर काठावर एक आजोबा म्हशी घेऊन उभे होते. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "तितनं जनावर बी जात न्हाय."

आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं त्यांनी.

मामा माझे भूमी अभिलेखातून निवृत्त झालेत. त्यांना हा किस्सा सांगितला तर ते हसले नाहीत, चिडले. "मोबाईलवर रेघ दिसली की रस्ता असतो असं कुणी सांगितलं तुला? गावाचा नकाशा बघ." मग त्यांनी जुन्या गावनकाशाची एक प्रत टेबलावर पसरून मला बोट ठेवून ठेवून शिकवलं. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. एकेरी तुटक म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरायची, पायमार्गाची सव्वाआठ. "बैलगाडीला चढ झेपत नाही, चिखल झेपत नाही, मोठा दगड झेपत नाही. जिथनं गाडी जायची तिथनं तुझी सायकल जाईल. गावात गेलास की कच्चा-पक्का विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाला विचार, पूर्वी बैलगाडी कुठून जायची."

हा प्रश्न म्हणजे किल्ली होती. कच्चा रस्ता विचारला की माणसाला आपल्या गावाची उणीव काढल्यासारखं वाटतं. बैलगाडी विचारली की तो उठून उभाच राहतो. मार्गासनीला एका आजोबांनी मला बैलगाडीच्या वाटेबरोबर त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड कुठून गेलं, नदीला फरशीपूल नव्हता तेव्हा उतार कुठल्या डोहाच्या वर होता, आणि त्यांच्या खिलारी जोडीतला उजवा बैल किती हट्टी होता, हे सगळं सांगितलं. त्यातलं नकाशाला लागेल असं वाक्य एकच होतं, पण ते नेमकं होतं: "उंबराच्या खालनं डाव्या अंगाला, बांधाबांधानं."

या मुलखाची रचनाच अशी की रस्ते नदीबरोबर चालतात. बारा मावळांची नावं बघा, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं. एकेक खोरं म्हणजे एकेक जग, आणि दोन खोऱ्यांमधे डोंगराची सोंड. खोऱ्याच्या लांबीनं जाणारे रस्ते आधी पक्के झाले, त्यांवरून एसटी जाते, पर्यटक जातात. सोंड ओलांडणाऱ्या खिंडी आणि नदीच्या पलीकडच्या तीरावरच्या वाड्या मागं राहिल्या. म्हणजे आमच्यासारख्यांनी एसटीच्या रस्त्याकडे पाठ करायची आणि नदी ओलांडायची. एवढं कळायला मला सहा महिने लागले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. गाडी नसरापूरला ओळखीच्या घरी लावली, बनेश्वराला जाऊन आलो. तिथली ती घंटा मी दर वेळी बघतो, वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा, क्रॉस आणि १६८३ साल असलेली. देवळात टांगलेली आणि रोज वाजणारी. मेव्हण्याला घंटेपेक्षा बाहेरच्या मिसळीत रस होता. हवेतल्या गारठ्यात साडेसातला पाय मारायला सुरुवात केली.

पहिले आठ-दहा किलोमीटर डांबरच. त्यात मी टायरमधली हवा कमी करून घेतली. पुण्यातल्या डांबरावर मी साठ पौंड ठेवतो, तेवढ्यात खडीवर गेलो तर सायकल घोड्यासारखी उडते. पुढं बत्तीस, मागं छत्तीस. अंगठ्यानं दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे, पिकायला लागलेल्या आंब्याइतका. मेव्हणा म्हणाला, "पुढच्या वेळी रायवळ का हापूस तेही सांगा."

आंबवण्याच्या पुढं आजोबांचा उंबर सापडला. उंबराखालून डावीकडं, बांधाबांधानं, आणि मग गुंजवणीच्या काठाशी समांतर अशी मुरमाची चाकोरी. भात कापून झालेला, खाचरांत नुसती धसकटं, मधेमधे हरभऱ्याचे आणि मसुराचे हिरवे तुकडे. खळ्यावर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या. डावीकडे राजगड पूर्ण उघडा, बालेकिल्ला उन्हात आलेला आणि खालच्या माच्या अजून सावलीत. समोर तोरणा. डांबरी रस्त्यानं मी इथून वीसेक वेळा गेलो असेन, ट्रेकला, पोरांना घेऊन. राजगड तेव्हा गाडीच्या काचेतून दिसायचा आणि वळणावर जायचा. या वाटेनं तो तास-दीड तास हललाच नाही. कितीही पाय मारा, तो तिथंच, नुसती त्याची सुवेळा माची हळूहळू मागं सरकत जाते.

मग भिंत आली.

नकाशावर दुहेरी तुटक रेघ सरळ पुढं जात होती. जमिनीवर तिच्या मधोमध आठ फुटी कंपाउंड, लोखंडी गेट, आत लॉन, आणि पाटी: खासगी मालमत्ता. फार्महाउसचे प्लॉट पडलेत या सगळ्या पट्ट्यात. गेटवरच्या वॉचमननं सांगितलं, रस्ता बंद आहे, आधीपासून बंद आहे. तो स्वतः तीन महिन्यांपूर्वी आला होता. मी मामांना फोन लावला. मामा तिकडून तावातावानं, "वहिवाटीचा रस्ता अडवता येत नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तहसीलदाराकडं दावा लावता येतो." मग जरा थांबून, "पण तू शेतकरी नाहीस, तुझी तिथं जमीन नाही. सायकल घेऊन कुठं उभा राहणार तहसीलदारापुढं? वळसा घाल." वळसा घातला. ओढ्यातून, सायकल खांद्यावर, दगडांवरून पाय घसरत. ग्रॅव्हल सायकलींच्या जाहिरातीत हा भाग दाखवत नाहीत.

साखरवरून गुंजवण्यापर्यंत जाऊन परत आलो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तिथं ट्रेकर लोकांच्या गाड्यांची जत्रा होती आणि रस्ता चांगला होता. दुपारचं पिठलं-भाकरी मात्र तिथलंच.

विंझरच्या अलीकडे तो फाटा आला, टपरीवरच्या माणसानं सांगितलेला. लिहून घेतलेलं सगळं जसंच्या तसं होतं. सुरुवातीला मुरूम, ओढ्यावर मोरी नाही, पलीकडे खडी. फक्त त्यानं एक सांगितलं नव्हतं, की शेवटचे चारशे मीटर नुसतं सोलिंग आहे. त्याच्या दृष्टीनं तेही रस्त्यातच. मला उतरायला हवं होतं. मेव्हणा त्याच्या शॉकअपवर डुलत पुढं गेला म्हणून मीही तसाच घुसलो, आणि मागच्या टायरमधून साप फुसकारल्यासारखा आवाज आला.

इथं जरा थांबून सांगतो, कारण यातनं मी जे शिकलो ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. माझे टायर ट्यूबलेस. आत दुधासारखं पांढरं सीलंट असतं, काटा घुसला की ते भोकातून बाहेर येतं आणि सुकून भोक बुजवतं. बाहेर काहीच आलं नाही. मी ते गणपतीच्या आधी भरलेलं, नंतर बघितलंच नाही. टायर उघडला तर आत दुधाचं चिंगम झालेलं. दगडानं टायरच्या कडेला, जिथं रबर पातळ असतं तिथं, नखाएवढी चीर पाडली होती. चिकट दोऱ्याची जी वात असते ती टोच्यानं आत घातली, एक आत गेली, दुसरी आत गेली, दोन्ही हवेबरोबर बाहेर आल्या. मेव्हण्यानं सकाळची दुधाची रिकामी पिशवी काढली, चार घड्या घातल्या आणि चिरेच्या आतून लावली. वर ट्यूब घालायची.

पण ट्यूब घालायच्या आधी टायर आतून चाचपायचा असतो. ट्यूबलेसमध्ये बाभळीचे काटे घुसून तसेच राहतात, सीलंट त्यांना धरून ठेवतं, आपल्याला पत्ता नसतो. ट्यूबला मात्र त्यांतला प्रत्येक काटा पुरेसा. बोट फिरवलं. एक. दोन. बोटातून रक्त आलं तो तिसरा. चौथा पकडीनं ओढून काढला. आता झालं असं म्हणून टायर चढवला, हवा भरली, निघालो. पाचवा काटा दीड किलोमीटरवर भेटला. पॅचच्या डब्यातली सोल्युशनची ट्यूब पिळली तर ती आतून वाळून खडखडीत.

आम्ही वाडीतल्या पहिल्याच खळ्यावर सायकली आडव्या केल्या. तिथं एक आजी पेंढा झाडत होत्या. पाणी दिलं, गूळ दिला. कुठून आलात, कशाला आलात. मी आपलं सांगितलं की आम्हाला असेच रस्ते आवडतात. आजींनी हातातला पेंढा खाली ठेवला. "सून बाळंत व्हायची हुती तवा श्रावण हुता. ह्या तुमच्या आवडीच्या रस्त्यानं झोळी करून नेली तिला फाट्यापतूर. चार बापये, गुडघ्याएवढा चिखल. वड्याला पानी." आवाजात राग नव्हता, माहिती सांगावी तसं सांगितलं. मी काय बोलणार? सून घरातून चहा घेऊन आली, मागं पाच-सहा वर्षांची पोर. पोरीला माझ्या सायकलीची घंटी वाजवायची होती. ग्रॅव्हल सायकलीला घंटी नसते. ती खट्टू झाली.

दूधवाला आला म्हणून सुटका झाली. मेव्हण्याला सायकलींपाशी ठेवून मी ट्यूब गळ्यात अडकवून त्याच्या किटल्यांच्या मधे बसून वेल्ह्याला गेलो. पंक्चरवाल्यानं ट्यूब हातात घेतली, नळी बघितली आणि विचारलं, "हे काय?" प्रेस्टा व्हॉल्व्ह, बारीक, वर छोटा पितळी आटा. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड तिच्यावर बसेना. त्यासाठी बोटाच्या पेराएवढं पितळी अडॅप्टर मिळतं, ते माझ्या घरी कपाटात होतं. त्यानं दोन मिनिटं नुसता विचार केला. मग जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, नळीभोवती करकचून गुंडाळली, वर कॉम्प्रेसरचं तोंड दाबून धरलं, आणि हवा गेली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली, बुडबुडे जिथं आले तिथं काडीपेटीच्या काडीनं खूण, कानस, सोल्युशन, फुंकर, पॅच, वर हातोडीचे तीन ठोके. मी त्याला सांगितलं की शहरात हे काम करायला सर्व्हिस सेंटर अपॉइंटमेंट मागतं. "तीस रुपये," तो म्हणाला. त्याच्याच पोरानं मला मोटरसायकलवर परत सोडलं.

तोवर सूर्य तोरण्यामागं गेला होता. उरलेले किलोमीटर मुकाट्यानं डांबरी रस्त्यानं, अंधारात, पुढं एक लाईट आणि मागं एक. वेल्ह्यात मुक्काम. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, कचेरीवर तशी पाटी आहे, पण मुक्कामाची एसटी आली तिच्यावर वेल्हे होतं आणि उतरणाराही वेल्हंच म्हणत होता. खानावळीत इंद्रायणीचा भात इतका खाल्ला की मेव्हण्यानं दुसऱ्या दिवशीच्या चढाची काळजी व्यक्त केली.

दुसरा दिवस केळदचा. वेल्ह्याहून पश्चिमेला वीसेक किलोमीटर, पासलीवरून, सह्याद्रीच्या धारेपर्यंत. पुढं कडा, खाली कोकण. धानेपजवळच्या गुंजवणी धरणाच्या पाण्यावर सकाळी वाफ होती आणि आमच्या बोटांना ब्रेक दाबवत नव्हते. इथली झाडी वेगळी, पाऊस कितीतरी जास्त, त्यामुळं मुरूम टिकतच नाही. दोनदा मुख्य रस्ता सोडून वाड्यांच्या वाटा धरल्या, दोन्ही वाटांनी आम्हाला कारवीत नेऊन सोडलं. मामांच्या नियमाप्रमाणं हे पायमार्ग, एकेरी तुटक. रेघ नीट बघितली नव्हती. तिसऱ्यांदा एका गुराख्याला किल्लीचा प्रश्न विचारला. त्यानं सांगितलं, "हितं बैलगाडी नव्हतीच कधी. ओझ्याचे बैल असायचे. पाठीवर गोणी." म्हणजे घाटानं कोकणात जाणारे तांडे. या प्रश्नालाही असं उत्तर मिळू शकतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग उरलेला चढ गपचूप डांबरावरून चढलो आणि त्याबद्दल मला काही वाईट वाटलं नाही.

मढे घाटाच्या तोंडाशी जाऊन बसलो. सिंहगड जिंकल्यावर १६७० साली तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटानं उमरठ्याला नेला असं सांगतात. पावसाळ्यात इथं लक्ष्मी धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात धबधब्याच्या जागी नुसता काळा ओघळ होता आणि आम्ही दोघं, आणि खालून दरीतून वर येणारा गरम वारा. मेव्हण्यानं पिशवीतून आदल्या दिवशीच्या आजींचा गूळ काढला. तो त्याला त्यांनी कधी दिला हे मला माहीतच नव्हतं.

परतीला नसरापूरपर्यंत पन्नासेक किलोमीटर. दोन दिवसांचे मिळून ११८ झाले, त्यातले ३१ कच्चे. मी आखताना ६० धरले होते. घरी येऊन मार्ग नीट कापून-जोडून जीपीएक्स फाइल केली, म्हणजे जीपीएसच्या डबड्यात टाकायचा मार्ग. फार्महाउसचा वळसा घातला, सोलिंगपाशी "उतरून चालणे" अशी टीप टाकली, ओढ्यापाशी दुसरी. सायकलीच्या ग्रुपवर टाकली तेव्हा चार जणांनी अंगठे दिले आणि एकानं विचारलं, रोडबाइकनं होईल का.

मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर एका अनोळखी नंबरावरून फोटो आला. बघितलं तर टपरीवरचा तो वाडीवाला. फोटोत काळाकुळकुळीत, अजून वाफा निघणारा रस्ता, कडेला रोलर, रोलरच्या पुढं ओळीनं सात-आठ माणसं आणि एका टोकाला पेंढावाल्या आजी, डोक्यावर पदर सावरत. खाली लिहिलेलं: साहेब तुम्ही लिहून घेतलं आणि काम झालं. वाडीतर्फे आभारी आहे.

मी काहीच केलं नव्हतं. तसं लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कळवलं की मी झेडपीचा नाही, सायकलवाला आहे, तरी सगळ्यांचं अभिनंदन, आणि मोरी झाली का? उलट उत्तर आलं, मोरी पुढच्या वर्षी, तेवढं पण बघा.

फाइलमधून ते पावणेतीन किलोमीटर काढून टाकले. त्या रविवारी मामांकडे गेलो. त्यांनी पुन्हा नकाशा पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि नदीच्या पलीकडच्या अंगाला बोट ठेवलं. दुहेरी तुटक रेघ आहे, डोंगराच्या कडेकडेनं, पार खिंडीपर्यंत. मेव्हण्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: दाजी, सीलंट भरलं का?